शनिवार, ग्लासगो ग्रीन मैदान : कोण कसं येतंय?

वहिनी (एडिनबरा), 19:42
सगळ्यांना नमस्कार. शनिवार तोंडावर आला तरी तिकिटं, गाडी, डबे, कशाचाच पत्ता नाही. मागच्या वर्षासारखी धावपळ होणार असेल तर आत्ताच सांगा, मी बाळाला घेऊन घरी थांबते. आई-अप्पांना पण उगाच दमवायला नको.

दादा, 19:44
ग्रँडस्टँडची तिकिटं काढतोय. बॅगपाइप आणि ड्रमच्या बँडची जागतिक स्पर्धा, वर्ल्ड पाइप बँड चॅम्पियनशिप, तिला जायचं तर सगळ्यांत वरचा ग्रेड 1 नीट बसून ऐकायचा.

आत्या (ग्लासगो), 19:46
थांब रे, घाई करू नकोस. सगळ्यांची ग्रँडस्टँडची काढू नकोस. तुझं आणि अप्पांचं काढ. बाकीच्यांना साधा प्रवेश पुरे.

मामा (लिव्हिंगस्टन), 19:47
हाय स्ट्रीट स्टेशनला उतरा. क्वीन स्ट्रीटला नको.

दादा, 19:48
आत्या, इतक्या लांबून येऊन चिखलात उभं राहायचं?

आत्या, 19:55
ग्रेड 1 ची मेडली (सलग जोडलेल्या धुना) पाच ते सात मिनिटांची. मग बँड बाहेर, पुढचा आत, मध्ये थांबणं. दिवसभर हेच. थोरली सात वर्षांची आहे, अर्ध्या तासात चुळबुळ सुरू होईल. त्यापेक्षा सकाळी खालच्या ग्रेडच्या रिंगांवर फिरवा तिला. नोव्हिस जुवेनाइल (नवशिकी मुलं), 4बी, 4ए. तिथे बँड दोरीच्या पलीकडे दहा पावलांवर असतो, आणि तिच्याहून थोडीच मोठी मुलं वाजवत असतात. मुलांना त्याचं जास्त अप्रूप वाटतं.

आत्या, 20:01
आणि खरी मजा ट्यूनिंगच्या जागी आहे, तिथे पैसे देऊन बसायची खुर्चीच नाही. रिंगमध्ये जाण्याआधी बँड झाडाखाली गोल करून उभा राहतो. पाइप मेजर, म्हणजे बँडचा प्रमुख, एकेकासमोर जाऊन कान लावतो, हातात ट्यूनर. ड्रोनचा (एकच सूर घुमवत राहणाऱ्या नळीचा) वरचा भाग एखाद-दुसरा मिलिमीटर वर-खाली सरकवतो. चँटरच्या (बोटांनी धून वाजवायच्या नळीच्या) भोकावर काळी टेप असते, ती खाली ओढून भोक थोडं झाकलं की तेवढाच सूर उतरतो. दोन टेनर ड्रोन आणि एक बेस एकमेकांत मिसळले की घरघर थांबते आणि तानपुरा लागल्यासारखा एकसंध सूर येतो. अप्पा, तुम्हाला ते क्षणात कळेल.

अप्पा, 20:06
हे ऐकायची फार इच्छा आहे. चँटरवर सूर किती?

बंटी, 20:07
नऊच, अप्पामामा. आणि लहान-मोठा आवाज करता येत नाही, मध्ये थांबताही येत नाही. एकच सूर दोनदा हवा तर मध्ये बारीक ग्रेस नोट टाकून तोडायचा. सगळी कलाकुसर त्यात.

मावशी (पुणे), 20:09
🌺 शुभ रात्री 🌺 श्रावणी शनिवार आहे, ताईचा (तुमच्या आईचा) उपवास लक्षात ठेवा. तिथे काय मिळणार तिला?

दादा, 20:10
चिप्स मिळतात की.

मावशी, 20:11
तळण कशातलं ते विचारलंस का?

आत्या, 20:13
मावशींचं बरोबर आहे. इथे काही ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात आणि कढई माशाची-बटाट्याची एकच असते. आईंसाठी घरूनच न्या. मॅकरोनी पाय किंवा व्हेज हॅगिस (इथल्या पदार्थाचा शाकाहारी प्रकार) बाकीच्यांना चालेल, पण एक ते दोनच्या मध्ये रांग लावू नका. साडेअकराला खा नाहीतर अडीचला.

आई, 20:15
मी साबुदाण्याची खिचडी करून घेईन.

आत्या, 20:16
आई, डब्यात चार तासांनी खिचडीचा गोळा होतो. उपवासाची बटाट्याची भाजी कोरडी करा, राजगिऱ्याचे लाडू घ्या. ते हातात धरून उभ्याने खाता येतात.

मामा, 20:17
हाय स्ट्रीटला उतरा. एअर्ड्री-बाथगेट मार्गाची गाडी एडिनबराहून थेट तिथे थांबते, मी लिव्हिंगस्टन नॉर्थला चढेन. तिथून ग्लासगो क्रॉस, मग सरळ सॉल्टमार्केट, पंधरा मिनिटांत ग्रीनच्या तोंडाशी असलेली कमान, मॅक्लेनन आर्च.

वहिनी, 20:19
मामा, आम्ही बसने यायचं म्हणत होतो. 900 नंबरची. थोरलीकडे बावीसच्या आतल्यांचं मोफत बसचं कार्ड आहे.

दादा, 20:20
एकटीचं मोफत. आई-अप्पांचं पूर्ण तिकीट, त्यांच्याकडे इथलं साठीनंतरचं कार्ड नाही. आणि मोटरवेवर गर्दी लागली की बाळ रडणार.

वहिनी, 20:20
बाळ कधी रडतं ते मला माहीत आहे.

आत्या, 20:22
बस नको, ब्युकॅनन बस स्टेशनपासून ग्रीन लांब पडतं. पण मामा, तुमचा मार्ग जवळचा असला तरी हाय स्ट्रीटचा फलाट रस्त्याच्या पातळीखाली आहे. अप्पांचा गुडघा आणि प्रॅम एकाच वेळी वर आणायची कोणी? एडिनबराची मंडळी क्वीन स्ट्रीटच्या जलद गाडीने वरच्या फलाटावर येऊ देत. तिथून सपाट बाहेर पडता येतं. पुढे टॅक्सी.

मामा, 20:24
ठीक आहे आत्याबाई. ग्लासगो तुमचं, आम्ही काय बोलणार. मी हाय स्ट्रीटलाच उतरणार आहे.

आत्या, 20:25
जरूर उतरा. आम्ही आर्चपाशी वाट पाहू.

वहिनी, 20:28
मूळ प्रश्न तसाच राहिला. बाळाच्या कानांचं काय? चौदा महिन्यांचं आहे.

बंटी, 20:31
एक पाइपसुद्धा जवळून शंभर डेसिबलच्या वर जातो आणि इथे वीस-वीस एकत्र. शिवाय स्नेअर ड्रम. त्याचं कातडं केवलार या मजबूत धाग्याच्या विणीचं, इतकं ताणलेलं की प्रत्येक ठोका टाचणीसारखा लागतो. इअर डिफेंडर हवेतच, डोक्यावरून पट्टा येणारे, लहान बाळांच्या मापाचे. कानात घालायचे बोळे अजिबात नकोत, बाळ काढून तोंडात घालतं. आणि शनिवारी पहिल्यांदा घालू नका. आजपासून रोज घरी दहा मिनिटं घाला, नाहीतर तिथे ओढून फेकेल.

बंटी, 20:33
आणि उभं राहताना ड्रमच्या बाजूला नको. बँड गोल करतो तेव्हा पाइपर आणि ड्रमर वर्तुळाच्या वेगवेगळ्या भागात असतात. पाइपरच्या बाजूला थांबा, चार-पाच रांगा मागे.

वहिनी, 20:34
हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. थँक यू बंटी. ऑर्डर करते.

दादा, 20:36
पाऊस दाखवतोय शनिवारी. छत्र्या चार घेतो.

आत्या, 20:38
छत्री उघडलीस की मागच्या दहा जणांना काही दिसत नाही, मग बोलणी खावी लागतात. रेनकोट आणा. आई-अप्पांना घड्या घालता येणाऱ्या खुर्च्या, खाली अंथरायला मागून प्लास्टिक असलेली चटई. बूट जुने. स्पर्धा पावसात थांबत नाही.

अप्पा, 20:40
पावसात वाद्यं बिघडत नाहीत?

बंटी, 20:44
बिघडतात ना. चँटरची रीड (आवाज काढणारा भाग) वेताच्या दोन पातळ पात्यांची असते. फुंकीच्या वाफेने आधीच ओली, त्यात बाहेरचा दमटपणा, मग ती जड होते. थंडीत सूर उतरतो, उन्हात चढतो, आणि चँटर व ड्रोन सारखे चढत नाहीत. म्हणून बँड ट्यून करून जास्त वेळ ताटकळला की रिंगमध्ये फाटतो. आता पिशवी बहुतेक सिंथेटिक, आत ओल शोषणारी नळी असते, तरी पावसाची सर आली की पाइप मेजरचा चेहरा बघा.

अप्पा, 20:46
ऐकताना नेमकं काय पाहायचं?

बंटी, 20:51
सुरुवात आणि शेवट. दोन वेळा तीन-तीन पावलांचे ड्रम रोल होतात, मग ड्रोन आणि चँटर सगळ्यांचे एका क्षणी लागायला हवेत. एकाचा चँटर आधी किंचाळला तर तो डाग लगेच कळतो. शेवटी सगळे एकदम बंद, एखादा ड्रोन घुमत राहिला तर तोही डाग. परीक्षक चार : दोन पाइपिंगचे, एक ड्रमिंगचा, एक एन्सेंबलचा, म्हणजे एकत्रित वादनाचा. प्रत्येक जण क्रमांक देतो, बेरीज सर्वांत कमी तो जिंकला. बरोबरी झाली तर एन्सेंबलवाल्याचा क्रमांक बघतात. ग्रेड 1 मध्ये एमएसआर वेगळं आणि मेडली वेगळी. एमएसआर म्हणजे मार्च, स्ट्रॅथस्पे, रील, तीन प्रकारच्या धुना. स्ट्रॅथस्पेची लचक ऐका, तिथे नुसता चांगला बँड आणि अव्वल बँड वेगळे कळतात.

दादा, 20:53
फील्ड मार्शल माँटगोमरी बँडची वेळ मिळाली तर मी ग्रँडस्टँड सोडणार नाही.

आत्या, 20:54
सोडू नकोसच. तो बँड आणि इन्व्हररीचा बँड चुकवायचे नाहीत. तेवढ्यापुरतं अप्पांना घेऊन बस, म्हणून तर दोन तिकिटं म्हणाले.

मावशी, 20:55
हे परदेशात जाऊन लष्करी बँडच ऐकायचे तर आपल्याकडे बीटिंग रिट्रीटला पाइप बँड असतातच की 😄

बंटी, 20:57
असतात मावशी, आणि छान वाजवतात. पण ते संचलन आहे, ही स्पर्धा. पहिली 1947 मध्ये झाली, 1986 पासून ग्लासगोमध्येच भरते. 1987 मध्ये कॅनडाचा 78थ फ्रेझर हायलँडर्स जिंकला, ब्रिटनबाहेरचा पहिला बँड. इथे पोस्टमन, शिक्षक, शाळेतली मुलं वर्षभर याच काही मिनिटांसाठी राबतात.

मामा, 20:58
हाय स्ट्रीटहून ग्रीनपर्यंत उतार आहे, गुडघ्याला त्रास नाही. एवढंच सांगायचं होतं.

आई, 21:00
आता पुरे ना रे.

वहिनी, 21:02
संध्याकाळी किती वाजता निघायचं? मागच्या वर्षी निकालाआधी कोण निघून गेलं हे मी बोलत नाही.

दादा, 21:03
बोललीसच.

आत्या, 21:07
मार्च पास्टला थांबाच. सगळे बँड एकामागून एक मैदानात येतात आणि एकत्र वाजवतात. पायाखालची जमीन थरथरते, ते रेकॉर्डिंगमध्ये येत नाही. निकाल मात्र खालच्या ग्रेडपासून, ग्रेड 1 सगळ्यांत शेवटी, त्यामुळे लांबतं. असं करा : मार्च पास्ट झाला की तू, आई आणि बाळ माझ्याकडे या, पोळी-भाजी तयार असेल. दादा, अप्पा, थोरली निकाल ऐकून येतील.

वहिनी, 21:09
हे चालेल आत्या.

अप्पा, 21:10
मला चालेल. मामा, तुम्हीही आमच्याबरोबर थांबा.

मामा, 21:11
थांबतो भाऊजी.

बंटी, 21:13
मैदानात नेटवर्क बसतं, कॉल लागत नाही. बँडच्या वेळापत्रकाचे आणि तिकिटांचे स्क्रीनशॉट आज रात्रीच काढून ठेवा. चुकामूक झाली तर मॅक्लेनन आर्चखाली, बाहेरच्या बाजूला. थोरलीच्या मनगटावर दादाचा नंबर पेनने लिहा.

दादा, 21:15
दोन ग्रँडस्टँड, बाकी साधी. काढली. खुर्च्या तीन माझ्याकडे, चौथी कोणाकडे आहे?