मदत हवी आहे: मैत्रिणीचा निकाल तिच्याआधी पाहिला, आता गाडीत तिघी गप्प. उद्या वेरूळ करावं की परत फिरावं?

लातूरची आत्या

नमस्कार. छत्रपती संभाजीनगरच्या लॉजवरून लिहितेय. सकाळी निघायच्या आत ठरवायचंय, म्हणून जे जागे असतील त्यांनी कृपया आजच सांगा.

सोबत तीन मुली आहेत. एक माझी भाची, भावाची मुलगी. बाकी दोघी तिच्या रूममधल्या. नावं लिहीत नाही, एक गंगाखेडकडची आणि एक केजकडची, तसंच म्हणते. तिघींची नीट, म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा, यंदा झाली. अकरावी-बारावीची दोन्ही वर्षं त्या लातुरात एकाच खोलीत राहिल्या. ज्यांना लातूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: डॉक्टर व्हायचं म्हणून नांदेड, परभणी, बीड, धाराशिव, कुठून कुठून पोरी इथं येतात. मेसचा डबा, पहाटेचा क्लास, रात्रीची अभ्यासिका, आणि घर आठवलं तर रडायला तीच खोली. केजच्या मुलीला परीक्षेच्या तोंडावर टायफॉइड झाला, तेव्हा गंगाखेडची मुलगी आपल्या नोट्स लिहून झाल्या की तिच्या लिहायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे आज जे झालं ते मला नुसतं पोरींचं भांडण वाटत नाही.

परीक्षेनंतर वेरूळ आणि देवगिरी दाखवीन असा माझा शब्द होता. निघताना तिघींनी आपसात ठरवलं होतं की वाटेत निकाल लागला तरी कुणीच बघायचा नाही. लातूरला परतायचं, खोलीत बसायचं आणि तिघींनी मिळून बघायचा. खोली त्यासाठीच महिनाअखेरपर्यंत ठेवलीय.

आज सकाळी निघालो. अंबाजोगाईला योगेश्वरीचं दर्शन झालं, मांजरसुंब्याला रबडी खाल्ली, गाणी चालली होती. बीडला जेवायला थांबलो तेवढ्यात निकाल लागल्याची बातमी आली. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं, फोन पालथे ठेवले. मला फार कौतुक वाटलं. पण भाची हात धुवायला गेली आणि तिथं तिनं निकाल उघडला. आधी स्वतःचा, मग त्या दोघींचा. तिघींचे फॉर्म तिच्याच लॅपटॉपवरून भरलेले, त्यामुळे अर्ज क्रमांक आणि जन्मतारखा तिच्याकडे होत्या. तिथूनच तिनं आईला फोन लावला. वहिनींनी केजला अभिनंदनाचा फोन केला आणि गंगाखेडला समजूत घालायचा.

आम्हाला यातलं काही ठाऊक नाही. शहागडला गोदावरीच्या पुलाजवळ आलो तेव्हा गंगाखेडच्या मुलीला वडिलांचा फोन आला. फोन पुढं चार्जिंगला होता म्हणून तिनं स्पीकरवर घेतला. वडील अगदी हळू बोलत होते. म्हणाले, "मार्क कमी आले म्हणून काय झालं बाळा, पण तू सांगितलं का नाहीस? आम्हाला दुसऱ्याच्या तोंडून कळायलंय."

गाडीत सगळ्यांनी ऐकलं.

पूल ओलांडल्यावर तिनं गाडी थांबवायला सांगितली. उन्हात उभी राहून स्वतःच्या फोनवर निकाल पाहिला आणि परत येऊन बसली. रडली नाही. भाचीला एवढंच म्हणाली, "माझं होतं ते. मला बघायचं होतं." त्यानंतर कुणी कुणाशी बोललेलं नाही.

भाचीचं म्हणणं, "तिचे कमी असतील तर तिला एकटीनं बघू द्यायचं नव्हतं. मी काय वाईटासाठी केलं का?" माझा भाऊ फोनवर म्हणतो, मार्क तेच राहणार, आधी पाहिले काय नि नंतर काय. मला हे मुळीच पटत नाही. ज्या निकालासाठी तिनं दोन वर्षं झोप मोडली तो पहिल्यांदा बघायचा हक्क तिचा होता. तो कमी असेल तर त्यातून सावरून, शब्द जुळवून, बापाला स्वतः सांगायचाही हक्क तिचाच होता. दोन्ही गेलं, आणि तेही सगळ्यांत जवळच्या मैत्रिणीकडून.

तिसरीचं तर कुणी बोलतच नाही. केजच्या मुलीला इतके चांगले मार्क आहेत की सरकारी कॉलेज मिळेल असं दिसतं. तिचे आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मोठी झाली ती आजीपाशी. आज तिच्या घरी दिवाळी असायला हवी, आणि ती पोर लॉजच्या जिन्यात तोंडावर ओढणी धरून आईशी कुजबुजत होती. वर गंगाखेडचीला ऐकू जाऊ नये म्हणून.

उद्या वेरूळला न्यावं की सकाळीच लातूरची वाट धरावी? भाचीला माफी मागायला लावावी की थांबावं? आणि ज्या मुलीला आनंद झालाय तिला तो करू कसा द्यावा? तुमच्यापैकी कुणी अशा पोरी सांभाळल्या असतील, किंवा स्वतः अशा खोलीत राहिल्या असाल, तर सांगा.

बार्शी रोड

परत फिरा ताई. गंगाखेडच्या मुलीला आत्ता आई पाहिजे, लेणी नाही. परक्यांत दुःख गिळत बसणं फार कठीण असतं. नीटच्या निकालानंतर पोरं काय करून घेतात ते आपण वाचतोच. आज रात्री तिला एकटी झोपू देऊ नका.

लातूरची आत्या

तिघी आणि मी एकाच खोलीत आहोत, ती माझ्याशेजारी आहे. जेवली थोडं. आईशी बोलणं करून दिलं. त्या माउलीनं तिला मार्कांचं काही विचारलं नाही, "केस विंचरलेस का" एवढंच विचारलं. तेव्हा ती रडली. बरं झालं रडली.

सिडकोकर

मी इथलाच. मंगळवार असेल तर वेरूळ बंद असतं, एवढं बघून घ्या. जाणार असाल तर सकाळी लवकर पोहोचा. आधी १६ क्रमांकाचं कैलास बघा, दगड तापायच्या आत. शेजारच्या टेकडीवर चढलं की वरून पूर्ण मंदिर दिसतं. कळसापासून खाली कोरत आणलंय हे तिथं उभं राहिल्यावरच कळतं. लेणी ३४ आहेत, सगळी करायच्या भरीस पडू नका. १० नंबरचं चैत्य मात्र चुकवू नका. देवगिरी उद्या नकोच. पायऱ्या पुष्कळ, वर अंधारीतून जावं लागतं, त्याला मन उल्हसित पाहिजे.

आणि गाडीत जागा बदला. गंगाखेडच्या मुलीला पुढं तुमच्याजवळ बसवा. मागं भाचीच्या खांद्याला खांदा लावून तीस किलोमीटर बसणंसुद्धा तिला जड जाईल.

गोदातीर

मीही लातूरला अशाच खोलीत दोन वर्षं काढली. आज नर्स आहे, म्हणजे माझाही पहिला निकाल काय लागला असेल ते समजा.

आत्या, सगळ्यांसमोर "चल, सॉरी म्हण" असं करू नका. त्यानं मोठ्यांचं समाधान होतं. गंगाखेडची मुलगी "असू दे" म्हणेल, कारण तुमच्या गाडीत, तुमच्या खर्चानं आलेली मुलगी दुसरं काय म्हणणार? लातूरला उतरली की ती कायमची निघून जाईल. त्या खोल्यांमधल्या कितीतरी मैत्र्या अशाच "असू दे" म्हणून संपल्यात.

भाचीला एकटीला बाजूला घ्या. तिनं काय केलं ते क्रमानं सांगायला शिकवा: मी शब्द मोडला, तुझा निकाल उघडला, आईला सांगितला, त्यामुळे काकांना तुझ्याआधी कळलं. यात "पण" नको, "काळजीपोटी" नको. काळजी खरी असेलही, ती नंतर कधीतरी सांगता येईल. आणि वडिलांचं जे बिघडलंय ते गंगाखेडच्या मुलीनं निस्तरायचं नाही. भाचीनं स्वतः काकांना सांगायचं की तुमच्या मुलीनं काही लपवलं नव्हतं, तिला माहीतच नव्हतं. त्या बापाच्या मनात सध्या तेवढंच सलत असणार.

लातूरची आत्या

गोदातीर, हे शेवटचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना खरंच वाटतंय की मुलीनं लपवलं.

बार्शी रोड

भाचीचे मार्क किती, ते तुम्ही लिहिलं नाही. तीही अठरा वर्षांचीच ना?

लातूरची आत्या

दोघींच्या मधले आहेत. सरकारीची आशा नाही, खासगीची फी भावाला झेपणार नाही. स्वतःचं दुःख वाटून घ्यायला तिनं आईला फोन केला, हे मला समजतं. तिला जवळ घेतलंय. पण जवळ घेणं आणि तू केलंस ते बरोबर होतं म्हणणं, यात फरक आहे, तो मी सोडणार नाही.

मास्तर, अंबाजोगाई

प्रवेशाचं आज रात्री काहीच काढू नका. नंतरसाठी मात्र लिहून ठेवतो. नीटचे मार्क फक्त एमबीबीएसला लागत नाहीत. बीएएमएसला लागतात, नांदेड आणि धाराशिवला सरकारी आयुर्वेद महाविद्यालयं आहेत. पशुवैद्यकलाही नीटवरच प्रवेश होतो, आणि त्याची कॉलेजं आपल्याच भागात, परभणीला आणि उदगीरला. गंगाखेडहून परभणी किती जवळ आहे! मराठवाड्याच्या पोरांना खटकणारं ७०:३० चं प्रादेशिक आरक्षण (७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के बाकी राज्याला) २०२० मध्ये गेलं, त्यामुळे आता यादी राज्याची एकच. रिपीट करायचं की नाही ते तिला ठरवू द्या, पण आठ दिवसांनी.

दुसरं महत्त्वाचं. यापुढची नोंदणी प्रत्येकीनं स्वतःच्या मोबाईलवरून, स्वतःच्या ई-मेलवर करायची. ओटीपी स्वतःच्या फोनवर यायला हवा. खोलीत एकीचा लॅपटॉप म्हणून तिघींचे पासवर्ड एकीकडे, हे मी दरवर्षी बघतो. त्यात विश्वास असतो हे खरं, पण एकीच्या हातात तिघींचं भविष्य राहतं.

लातूरची आत्या (दुसऱ्या दिवशी दुपारी)

सगळ्यांना मनापासून नमस्कार. काय झालं ते सांगते.

सकाळी मी विचारलं, परत जायचं का? भाची लगेच हो म्हणाली. गंगाखेडची काहीच बोलली नाही. केजची मुलगी, जी दोन वर्षांत माझ्यासमोर कधी मोठ्यानं बोलली नाही, ती उभी राहिली आणि म्हणाली, "मला वेरूळ बघायचंय. मलाबी आनंद झालाय आत्या, तो मी कुठं ठेवू?" आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. गंगाखेडचीनं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं मग पेढे आण की." एवढंच. पण कालपासून तिचं ते पहिलं वाक्य होतं. पेढे आणले, तिनं स्वतः केजचीला भरवला. भाचीनं हात पुढं केला नाही, तिला कुणी दिलाही नाही. मला ते बघवलं नाही, तरी मी मध्ये पडले नाही.

गंगाखेडची पुढं बसली. वेरूळच्या पार्किंगमध्ये भाचीनं तिला थांबवलं. रात्री मी तिला गोदातीर यांनी लिहिलेलं सांगितलं होतं. तिनं क्रमानं सांगितलं, "पण" आला नाही. गंगाखेडचीनं ऐकून घेतलं. "माफ केलं" म्हणाली नाही. म्हणाली, "माझा नंबर, जन्मतारीख, पासवर्ड, सगळं तुझ्या फोनमधून काढ. आत्ता, माझ्यासमोर." भाचीनं काढलं. मग तिनं केजचीचंही सगळं तसंच काढायला लावलं. मला त्या पोरीचा अभिमान वाटला. एवढ्या दुखावलेल्या अवस्थेत तिला दुसरीचंही सुचलं.

कैलास पाहिलं, टेकडीवरूनही पाहिलं. सिडकोकर, तुमचं बरोबर होतं. दोघी एकत्र चालल्या, भाची माझ्याबरोबर. मैत्री जुळली असं मी म्हणणार नाही.

आता निघायच्या वेळी गंगाखेडची म्हणतेय, "आत्या, मला लातूरला नको, घरी सोडा." त्यावर भाची म्हणाली, "मीही आत येते, काकांना मी सांगते." गंगाखेडचीनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "ये. पण आधी मी बोलणार."

तर बीडवरून वडवणी, तेलगाव, सिरसाळा, परळी, गंगाखेड असा बेत आहे. मुक्काम बीडला करते, रात्री गाडी चालवणार नाही. एक विचारायचंय. तिथं पोहोचल्यावर मी मुलींबरोबर आत जाऊ की बाहेर थांबू? वहिनींच्या फोनमुळे त्या घराला आधीच आमच्याकडून एक धक्का बसलाय.

गोदातीर

आत जा, चहा घ्या, वहिनींच्या वतीनं दोन शब्द बोला आणि मग त्यांच्या आईबरोबर स्वयंपाकघरात बसा. पोरींना आणि वडिलांना बैठकीत राहू द्या.

मास्तर, अंबाजोगाई

परळीत आलात की फोन चार्ज करून घ्या आणि तिच्या वडिलांना निघाल्याचं कळवा. फोन तिलाच करू द्या.

लातूरची आत्या

तिनं आत्ताच केलाय. गाडी काढते.