मिनी कूपर एस आर५३: कंपनीचा इंटरकूलर काढून मोठा बसवावा का?

रानवारा (बर्मिंगहॅम)

आर५३ म्हणजे २००२ ते २००६ या काळातली सुपरचार्जरवाली (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र असलेली) कूपर एस. इंग्लंडच्या सेकंडहँड बाजारात अजून मिळते, आणि घेतली रे घेतली की लोक पहिला प्रश्न विचारतात तो इंटरकूलर, म्हणजे चार्जरने तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारा भाग, कुठला बसवू, हा. माझं मत स्पष्ट आहे. पुली (चार्जर फिरवणारं पट्ट्याचं चाक) मूळची असेल आणि गाडी रस्त्यावरच चालवायची असेल, तर कुठलाही बसवू नका.

हिशेब मांडतो. १.६ लिटर इंजिन, त्यावर ईटनचा एम४५ सुपरचार्जर. सुरुवातीला १६३ आणि २००४ च्या फेरबदलानंतर १७० अश्वशक्ती. बूस्ट, म्हणजे चार्जरने वाढवलेला हवेचा दाब, साधारण ०.८ बार धरू. रूट्स पद्धतीचा चार्जर हवा दाबतो तशी ती भयंकर तापवतोही. त्याची कार्यक्षमता ५५ टक्के मानली तर बाहेर २५ अंश असताना चार्जरमधून निघणारी हवा १२० अंशांच्या आसपास जाते. इंटरकूलरने त्यातली ६० टक्के वाढ उतरवली तर ६५ अंश उरतात, ७० टक्के उतरवली तर ५५. दहा अंशांच्या या फरकाने हवेची घनता जेमतेम ३ टक्क्यांनी वाढते. म्हणजे १७० वर पाच अश्वशक्ती, त्यासाठी काहीशे पौंड. शिवाय इथे असा बदल विमा कंपनीला कळवावा लागतो, तो वेगळाच व्याप.

वीस वर्षांच्या गाडीचं खरं दुखणं दुसरीकडेच असतं. इंटरकूलरच्या दोन्ही बाजूंचे रबरी बूट (जोडणाऱ्या नळ्या) चिरतात आणि बूस्ट गळतो. बॉनेटच्या स्कूपखालचं, म्हणजे वारा आत घेणाऱ्या तोंडाखालचं, फोम झिजलं की हवा इंटरकूलरच्या फिन्समधून (पातळ पात्यांमधून) न जाता बाजूने निसटते. क्रँककेसमधून येणाऱ्या तेलाच्या वाफेचा थर आत बसतो आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. हे तिन्ही आधी नीट करा. तेवढ्यानेच गाडी बदललेली जाणवेल.

निवडुंग (फिनिक्स, ॲरिझोना)

रानवारा, तुमचा हिशेब बर्मिंगहॅमचा आहे. इथे उन्हाळ्यात ४३ अंश ही नेहमीची गोष्ट. माझ्या गाडीला १५ टक्के लहान पुली आहे, त्यामुळे चार्जर १५ नव्हे, जवळपास १८ टक्के जास्त फिरतो. एक बारपेक्षा थोडा जास्त बूस्ट धरा आणि तुमचंच गणित पुन्हा करा. चार्जरमधून हवा पावणेदोनशे अंशांच्या आसपास निघते. ६० टक्केवाला इंटरकूलर ती ९५ वर आणतो, ७५ टक्केवाला ७६ वर. एकोणीस अंश! घनतेतच ५ टक्क्यांहून जास्त फरक, आणि त्यातली महत्त्वाची गोष्ट तुम्ही सोडलीत. आत जाणारी हवा तापली की नॉकिंग (इंधन अवेळी पेटणं) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे ओढतो. ताकद जाते ती मुख्यतः तिथे. घनतेचं गणित हा अर्धाच हिशेब.

कंपनीला तरी हे कुठे मान्य नव्हतं? २००६ च्या जीपी आवृत्तीत, त्या २००० गाड्यांमध्ये, त्यांनी २१८ अश्वशक्तीसाठी स्वतःच मोठा इंटरकूलर दिला.

रानवारा

जीपीची मागची सीटसुद्धा काढली होती. ती गाडी कशासाठी होती ते त्यातच आलं. तुमच्या पुलीबद्दल माझा वाद नाही, 'पुली मूळची असेल तर' हे पहिल्याच परिच्छेदात आहे. पण ही पुली घालताना एक गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. आर५३ मध्ये पाण्याचा पंप सुपरचार्जरवरूनच फिरतो. चार्जर जोरात फिरवला की पंपही जोरात फिरतो. चार्जरच्या गिअरमधलं तेल कधी बदललं होतं ते पाहिल्याशिवाय पुलीला हात लावू नये.

चाकणकर

मी चाकणला हीट एक्स्चेंजरच्या कामात आहे. आर५३ इथे अधिकृतपणे कधी विकलीच गेली नाही, मिनी भारतात आली २०१२ साली. त्यामुळे गाडीवर बोलत नाही, कोअरवर, म्हणजे इंटरकूलरच्या आतल्या नळ्या-पात्यांच्या गाभ्यावर बोलतो.

तुम्ही दोघेही फक्त तापमान पाहताय. इंटरकूलर हवा थंड करतो, तसा वाटेत तिचा दाबही खातो. दाट फिन्सचा कोअर घेऊन दहा अंश कमावले आणि ०.१ बार घालवला, तर कमावलेलं सगळं गेलं, उलट थोडं अंगावर आलं. विकणारा कार्यक्षमता मोठ्या अक्षरात सांगतो आणि दाबाचा आकडा गाळतो. तो आकडा मागा, आणि नाही दिला तर घेऊ नका.

बाजारातले बरेच कोअर बार अँड प्लेट बांधणीचे असतात. धातू जास्त, वजन जास्त. हे जाड तव्यासारखं काम करतं: तापायला वेळ लागतो, पण एकदा तापला की निवायलाही वेळ लागतो. ट्यूब अँड फिनचा हलका कोअर लवकर तापतो आणि वारा मिळाला की लवकर निवतो. मग गाडी कशी चालते यावर सगळं आलं. थोडा वेळ जोर आणि मग विश्रांती असेल तर जड कोअर फायद्याचा. सिग्नलमागून सिग्नल असेल तर तो तापलेलाच राहील, कारण या गाडीत इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर आहे आणि गाडी उभी असताना स्कूपमधून वारा येत नाही.

निवडुंग

चाकणकर, दाबाचा मुद्दा मान्य. पण सिग्नलचं उदाहरण माझ्या विरोधात जात नाही. उभ्या गाडीत कुठलाही कोअर तापणारच, आणि तिथे मला ताकद नकोच असते. मला ती महामार्गावर हवी असते. तिथे समोरचं क्षेत्रफळ जास्त असलेला कोअर जिंकतो, कारण त्यातून वारा जास्त जातो.

काळी माती (श्टुटगार्ट)

डोक्यावरची जागाच चुकीची असेल तर इंटरकूलर पुढे बंपरमागे नेतात, त्याचा विचार कुणी केला आहे का? २००६ च्या शेवटी आलेल्या टर्बोवाल्या आर५६ मध्ये कंपनीने तो पुढेच नेला. मी मात्र आर५३ मध्ये तसं करणार नाही. थ्रॉटल (पेडलने उघडणारी हवेची झडप) सुपरचार्जरच्या आधी आहे, म्हणजे इंटरकूलर आणि त्याचे पाइप हे सगळं थ्रॉटलच्या पुढचं पोट. लांब पाइपांनी ते वाढलं की पेडल दाबल्यावरचा तो ताबडतोबचा झटका मंदावतो. सुपरचार्जरची गाडी घेतलीच त्या झटक्यासाठी. शिवाय पुढचा कोअर रेडिएटरचा वारा अडवतो, आणि ऑटोबानवर बराच वेळ वेगात जाताना ते मला परवडणार नाही.

जर्मनीत राहणाऱ्यांसाठी: भागासोबत कागदपत्रं नसतील तर टीयूव्हीकडे (गाड्या तपासणारी संस्था) नोंद करून घेताना जीव मेटाकुटीला येतो. जीपीचा कोअर निदान कंपनीच्या घरचा आहे, म्हणून बदलायचाच तर माझा कल तिकडे.

रानवारा

पाइपांच्या मुद्द्यावर पूर्ण सहमत. निवडुंग, एक विनंती. तुमच्याकडे ओबीडीवरून (गाडीच्या निदान-सॉकेटवरून) इनटेक टेम्परेचर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान, वाचता येत असेल तर जुन्या कोअरवर एकदा नवे बूट आणि नवं फोम घालून, त्याच रस्त्यावर, त्याच उन्हात नोंद घ्या. मोठ्या कोअरशी तुलना होते ती बहुतेक गळक्या जुन्याशी. मला आक्षेप आहे तो त्या तुलनेला.

निवडुंग

रास्त आहे. जुना कोअर गॅरेजमध्ये पडून आहे, बूट मागवतो. पण नोंद जुलैतच घेणार, डिसेंबरात नाही. आणि मूळ पुली परत घालणार नाही, ते आधीच सांगून ठेवतो.