घर घेणाऱ्याला पैसे द्यावेत की घरांसाठी जमीन मोकळी करावी?

पायाभरणी (चर्चाप्रस्ताव)

घरे परवडत नाहीत अशी ओरड वाढली की बहुतेक सरकारांना घेणाऱ्याच्या हातात थोडे अधिक पैसे देण्याचा एकच उपाय सुचतो. व्याजावरील करसवलत, पहिल्या घरासाठी अनुदान, कर्जाची मुदत वाढवून देणे ही सगळी त्याचीच रूपे. माझे म्हणणे असे की, जिथे मागणी वाढली तरी नवी घरे त्या प्रमाणात बांधता येत नाहीत, तिथे या मदतीचा मोठा वाटा विकणाऱ्याच्या आणि अखेरीस जमीनमालकाच्या खिशात जातो.

मुदतवाढीचा हिशेब करून पाहावा. 8 टक्के व्याजाने घेतलेल्या 100 रुपयांच्या कर्जाचा मासिक हप्ता 20 वर्षांच्या मुदतीत सुमारे 84 पैसे येतो, तर 30 वर्षांच्या मुदतीत सुमारे 73 पैसे. म्हणजे तोच हप्ता भरू शकणाऱ्याला आता 14 टक्के अधिक कर्ज मिळते. ही सोय एकट्याला मिळाली तर तो सुखी होईल. पण ती सगळ्यांनाच मिळते आणि घरे तेवढीच राहतात, तेव्हा सगळे मिळून भाव वर नेतात. शिवाय त्याच 100 रुपयांवर एकूण व्याज सुमारे 101 रुपयांवरून 164 रुपयांवर जाते, ते वेगळेच.

ब्रिटनमध्ये 2013 साली नव्या घरांच्या खरेदीसाठी सरकारने किमतीच्या 20 टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायला सुरुवात केली आणि 2016 मध्ये लंडनपुरती ही मर्यादा 40 टक्के केली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांना या वाढीमुळे लंडन परिसरात नव्या घरांच्या किमती वाढलेल्या आढळल्या, बांधकाम मात्र वाढलेले आढळले नाही. याउलट न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराने 2016 च्या आराखड्यात निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर अधिक दाट बांधकामाला मुभा दिली आणि त्यानंतर तिथे बांधकाम परवान्यांची संख्या ठळकपणे वाढली. सरकारने आपली शक्ती परवानग्या, चटईक्षेत्र (भूखंडावर किती बांधकाम करता येईल याची मर्यादा) आणि जमिनीवरील वार्षिक कर यांवर लावावी, असे मला वाटते.

हप्तेबंद

आपला हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष अर्धवट आहे. ज्या अभ्यासाचा आपण दाखला दिलात, त्यातच इंग्लंड आणि वेल्स यांच्या सीमेलगतच्या भागाचीही पाहणी आहे. तिथे बांधकामाला जागा होती आणि त्याच योजनेने किमती न वाढता घरे वाढली. तेव्हा दोष मदतीचा नसून ती कुठे दिली याचा आहे.

दुसरे असे की, अनेकांची अडचण हप्त्याची नसतेच. ते वर्षानुवर्षे हप्त्याएवढे भाडे नेमाने भरत असतात. त्यांच्याजवळ नसते ते सुरुवातीला एकरकमी भरायचे डाउन पेमेंट. ज्यांच्या आईवडिलांचे स्वतःचे घर आहे त्यांना ते घरातून मिळते, बाकीच्यांनी काय करावे? अमेरिकेत 1930 च्या दशकापूर्वी घरकर्ज बहुधा अल्प मुदतीचे असे आणि घराच्या किमतीचा निम्म्याच्या आसपास भाग स्वतः उभा करावा लागे. 1934 मध्ये संघराज्य सरकारने कर्जाला हमी देण्यास सुरुवात केली आणि दीर्घ मुदतीचे, समान हप्त्यांचे कर्ज रूढ झाले. 1940 मध्ये सुमारे 44 टक्के कुटुंबे स्वतःच्या घरात राहत होती, 1960 मध्ये सुमारे 62 टक्के. परवानग्या सुधारून घरे उभी राहीपर्यंत दहा वर्षे जातात, आणि भाडेकरूचे वय तोवर थांबून राहत नाही.

पायाभरणी

अमेरिकेच्या दाखल्याला दोन गोष्टी जोडणे भाग आहे. त्या वीस वर्षांत शहरांभोवतीची मोकळी जमीन झपाट्याने वसत होती, म्हणजे कर्जाबरोबर पुरवठाही धावत होता. उत्पन्नही वाढत होते. आणि ती हमी सर्वांसाठी नव्हती. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या ‘धोकादायक’ ठरवून त्यांना पद्धतशीरपणे वगळण्यात आले, आणि त्या वगळण्याची किंमत त्यांची नातवंडेही मोजत आहेत. डाउन पेमेंटचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. व्याजावरील करसवलत तर त्यावरचा उपायही नाही, कारण ती ज्याला आधीच मोठे कर्ज मिळाले आहे त्यालाच अधिक लाभते. ब्रिटनने ती 2000 मध्ये पूर्णपणे रद्द केली. तरीही घरमालकांचे प्रमाण कोसळले नाही.

भाडेकरीच बरा

मालकीचा एवढा आग्रह कशासाठी? स्वित्झर्लंडमध्ये निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याने राहतात आणि तो देश काही गरीब नाही. भाडेकरार पक्का असेल तर मालकीची निकड बरीच कमी होते.

हप्तेबंद

करार पक्का असेल तर, हे खरे. पण म्हातारपणी उत्पन्न थांबते, भाडे थांबत नाही.

मधली वाट

दोघेही एक प्रश्न टाळत आहात. सरकारी मदतीने स्वस्तात मिळालेले घर पुढे बाजारभावाने विकू द्यायचे का? ब्रिटनने 1980 च्या कायद्याने सरकारी भाडेकरूंना त्यांची घरे मोठ्या सवलतीत विकली. एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे वीस लाख घरे गेली, त्या प्रमाणात नवी बांधली गेली नाहीत, आणि विकलेल्यांपैकी बरीच घरे आज खासगी मालक भाड्याने देत आहेत. एका पिढीला लाभ झाला, पुढच्या पिढीसाठी साठा उरला नाही. सिंगापूरने वेगळा मार्ग धरला: सरकारी घर 99 वर्षांच्या पट्ट्यावर मिळते आणि किमान काही वर्षे त्यात राहिल्याशिवाय ते विकता येत नाही. तिथे जवळपास 90 टक्के स्थानिक कुटुंबे स्वतःच्या घरात राहतात.

पायाभरणी

सिंगापूरचा दाखला सगळेच देतात, पण 1966 च्या भूसंपादन कायद्याचा उल्लेख क्वचितच होतो. सरकारने बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात प्रचंड जमीन ताब्यात घेतली, म्हणून ती घरे स्वस्तात देता आली. मतदारांमध्ये जमीनमालकांचे पारडे जड असलेल्या लोकशाहीत हे जमणे अवघड आहे. म्हणूनच मी जमिनीवरील वार्षिक कर म्हणतो. ऑस्ट्रेलियाच्या राजधानी प्रदेशाने 2012 पासून वीस वर्षांच्या मुदतीत मुद्रांक शुल्क टप्प्याटप्प्याने घटवून वार्षिक कर वाढवायला घेतले. घर बदलणाऱ्याला दंड कमी होतो आणि जमीन अडवून बसणाऱ्याला ती महाग पडते.

हप्तेबंद

आणि ज्या विधवेच्या घराची जमीन तिच्या हातून काहीही न घडता महाग झाली, तिने तो कर निवृत्तिवेतनातून कसा भरावा? तो विक्रीपर्यंत किंवा वारसाकडे जाईपर्यंत घरावर बोजा म्हणून नोंदवता येतो, हे मला ठाऊक आहे. पण मग महापालिकेला पाण्याच्या वाहिन्या आणि रस्ते यांसाठी आज जो पैसा हवा, तो वीस वर्षांनी मिळणार. आणि त्या वाहिन्या नसतील तर आपण मोकळी केलेली जमीन बांधकामाच्या कामाची राहणार नाही. त्यामुळे करमाफी द्यायची नाही, पण ढकललेल्या करापोटी राज्य सरकारने महापालिकेला तेवढी रक्कम आगाऊ द्यावी आणि विक्रीच्या वेळी व्याजासह वसूल करावी, ही तरतूद कायद्यातच असल्याखेरीज माझा आपल्या प्रस्तावाला पाठिंबा नाही.