परदेशी भाषा मुलांनी कितव्या वर्षी सुरू करावी? तुमच्या घरातले अनुभव सांगा

टेकडीवाली
काल माळा आवरताना माझी रानडे इन्स्टिट्यूटमधली वही सापडली. 2008 ची. मी 19 वर्षांची होते, जपानीची संध्याकाळची बॅच, कॉलेज सुटलं की सायकल थेट फर्ग्युसन रोडला. हिरागाना लिपीतलं 'नु' गिरवून गिरवून एका पानाला भोक पडलंय. लेक (वय 6) वही बघून म्हणाली, "आई, तू एवढ्या जिलब्या का काढल्यास?"

आणि नेमकी आजच शाळेची चिठ्ठी आली. पुढच्या वर्षीपासून जर्मन की फ्रेंच, आठ दिवसांत कळवा. नवरा म्हणतो आत्ताच घालू, लहानपणी पटकन येतं. सासूबाई म्हणतात आधी मराठी जोडाक्षरं तर येऊ देत. मी स्वतः 19 व्या वर्षी सुरू करून जपानीच्या परीक्षेची तिसरी लेव्हल काढली (तेव्हा चारच होत्या, एन फाइव्ह ते एन वन अशा पाच 2010 पासून), त्यामुळे मला घाई पटत नाही. पण तिचं काही हुकणार तर नाही ना, हेही मनातून जात नाही. तुमच्याकडे काय झालं? क्लासची नावं नकोत, घरातलं सांगा.

दोन_पोरांची_आई
थोरलीला चौथ्या वर्षी फ्रेंचला घातलं. रंग, आकडे, बोंझूर, एक गाणं. दोन वर्षांनी क्लास बंद झाला आणि सहा महिन्यांत सगळं पुसलं गेलं. धाकट्याने आठवीत संस्कृत सोडून फ्रेंच घेतलं, दिवाळीपर्यंत तिच्या पुढे. पैशांचं काही नाही, पण तिच्या डोक्यात बसलंय की 'मला फ्रेंच जमत नाही'. हे मला फार लागतं. कुकर झालाय, येते.

नळस्टॉप
आठवीत संस्कृत सोडलं?? 😀

दोन_पोरांची_आई
आजोबा महिनाभर बोलत नव्हते त्याच्याशी.

परतलेली
आम्ही तीन वर्षं जर्मनीत होतो, लेक चार वर्षांचा असताना गेलो. पहिले चार महिने बालवाडीत त्याने एक शब्द काढला नाही. मी सोडून आल्यावर कुंपणापाशी उभी राहून रडायचे. मग एके दिवशी वाळूच्या खड्ड्यात दुसऱ्या पोराने फावडं ओढलं आणि हा ओरडला, "नाइन! इश बिन ड्रान!" म्हणजे आता माझी पाळी. बाई धावत आल्या, मला मिठी मारली. वर्षभरात तो माझ्या चुका काढायला लागला.

सातव्या वर्षी पुण्यात आलो. वर्षात भाषा गेली. बोलायला कोणी नाही तर राहणार कशी? आता नववीत परत घेतलीय. शब्द इतरांसारखेच पाठ करतो, पण 'इश'मधला तो श आणि उम्लाउट (दोन टिंबांचे स्वर) मात्र अगदी तिकडच्यासारखे येतात. कानात काहीतरी उरलं होतं.

बाबांची_मुलगी
लहान वय वगैरे वाचून मला बाबाच आठवले. पिंपरीला टूलरूममध्ये होते. 1978 ला जर्मन मशीन आलं, मॅन्युअल जर्मनमध्ये. बाबा 42 वर्षांचे. रात्री जेवणं झाली की ओट्याशेजारी शब्दकोश घेऊन बसायचे, आई भांडी लावायची आणि शब्द विचारायची. उच्चार शेवटपर्यंत सातारचेच, पण मशीन बसवायला आलेले जर्मन काका आमच्याकडे पुरणपोळी खात बाबांशी दोन तास बोलत होते. आमच्याकडे अजून स्कूटरच्या ऑइल बदलण्याला 'ओलवेक्सल'च म्हणतात. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली.

नळस्टॉप
ताई 🙏 ओलवेक्सल आता मीही म्हणणार.

जर्मनची_बाई
22 वर्षं जर्मन शिकवते, म्हणून थोडं मोठं लिहिते. शाळेत आठवड्याला दोन तास, तेही 35 मिनिटांचे. वर्षाचे 35 आठवडे धरले तरी जेमतेम 41 तास होतात. जर्मनीतल्या मुलाच्या कानावर एवढं आठवड्याभरात पडतं. 'लहान मुलं पटकन शिकतात' हे परतलेली यांच्या लेकाला लागू आहे, आठवड्याला दोन तासवाल्यांना नाही. नेदरलँड्सला राहायला गेलेल्या इंग्रजी भाषकांचा 1978 चा एक अभ्यास आहे. तिथेही सुरुवातीच्या महिन्यांत सगळ्यांत पुढे होती 12 ते 15 वर्षांची मुलं, तीन ते पाचची नव्हेत. लहान वयाचा फायदा असतो, पण तो भरपूर ऐकायला मिळालं तरच आणि सावकाश दिसतो.

आणि मराठी कच्ची ठेवू नका हो! डेअर, डी, दास शिकवताना मी विचारते, तो चमचा, ती सुरी, मग ताट? 'ते' असं लगेच येतं. जर्मनमध्ये चमचा 'तो', काटा 'ती', सुरी 'ते'. ज्याला घरी तो-ती-ते आहे त्याला हे विचित्र वाटत नाही. जर्मन झेडचा उच्चारही आपल्या चमच्यातला च. ज्यांच्या घरात फक्त इंग्रजी, ती मुलं इथे अडखळतात.

निवृत्त_संस्कृत
बाईंशी सहमत. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी, याचं मुलांना हसू येतं म्हणतात. संस्कृतात पत्नीसाठी भार्या स्त्रीलिंगी, कलत्र नपुंसकलिंगी आणि दारा चक्क पुल्लिंगी, तोही नेहमी बहुवचनी. आठवीत संस्कृत सोडणाऱ्या लेकाला सांगा.

दोन_पोरांची_आई
काका 😀 सांगते.

आजीची_नात
हा विषय माझ्यासाठी दुखरा आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा होईपर्यंत नीट बोलत नव्हता. एकांनी सांगितलं, घरात दोन भाषांचा गोंधळ आहे, मराठी बंद करा. आठ महिने बंद केली. माझ्या आजीला इंग्रजी येत नाही. ती त्याला मांडीवर घेऊन नुसती थोपटत बसायची, गोष्ट सांगायची नाही. दुसऱ्या स्पीच थेरपिस्टकडे गेलो तर त्या म्हणाल्या, दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही, आजीला बोलू द्या. आजी त्याच संध्याकाळपासून चिऊकाऊवर आली. ते आठ महिने मात्र परत येत नाहीत. कोणी असा सल्ला दिला तर आधी दुसरीकडे विचारा, प्लीज.

परतलेली
तुझी चूक नाही गं. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवतोच आपण.

बाबांची_मुलगी
आजी आहेत ना अजून?

आजीची_नात
हो, 88. आता तो तिला मोबाइल शिकवतो. मराठीत.

रात्रपाळी
ॲपवर ठेवलं तर? बायको म्हणते रोज वीस मिनिटं कार्टून लावू जपानीत.

जर्मनची_बाई
मोठ्या मुलाला सरावाला ठीक आहे, तान्ह्यासाठी नको. अमेरिकेत 2003 साली नऊ महिन्यांच्या बाळांवर प्रयोग झाला होता. समोर बसून चिनी बोलणाऱ्या माणसांकडून बाळांनी ते आवाज वेगळे ओळखायला शिकले. तेच व्हिडिओवर दाखवलं तर काहीच नाही. माणूस लागतं.

टेकडीवाली
सगळं दोनदा वाचलं. आजीची_नात, तुझं सासूबाईंनाही वाचून दाखवलं, त्या उठून आत गेल्या.

शाळेला 'सध्या नको' लिहून दिलं. नवऱ्याला 41 तासांचा हिशोब दाखवला, तो गप्प बसला, मग म्हणाला, "तू आहेस की घरात, तूच बोल." संध्याकाळी लेकीच्या कंपासमधल्या पेन्सिली मोजल्या, इप्पोन, निहोन, सानबोन. तिने विचारलं एकाच पेन्सिलीला तीन नावं का. मी म्हटलं, नाव नाही, लांबट वस्तू मोजायची पद्धत आहे, शेवट बदलत जातो. मग ती घरातल्या लांबट वस्तू शोधत फिरली. लाटणं, छत्री, पडवळ. पाव मागताना 'पान' म्हणाली तेव्हा सासूबाईंना वाटलं विड्याचं पान. जपानी पान आणि आपला पाव दोन्ही पोर्तुगीजांकडून आलेत हे सांगितल्यावर त्याही येऊन बसल्या.

नळस्टॉप
वहीचा फोटो टाका ना. त्या जिलब्यांचा.

टेकडीवाली
टाकते. आत्ता ती त्यावर रंग देतेय.