‘कर्ण’ दोघांचा एकच का?

प्रश्न, फोंड्याहून
बहिणीची मुलगी नववीत आहे. शाळेत भूमिती इंग्रजीतून, घरी मी मराठीतून समजावते. काल म्हणाली, “मावशी, आयताचा डायगोनल तो कर्ण आणि काटकोन त्रिकोणाचं हायपोटेन्यूज तोही कर्णच? हिंदीत निदान पहिल्याला विकर्ण म्हणतात.” मराठीला इथे एक शब्द कमी पडतो का?

उत्तर, डिचोलीहून
ताई, मला तर हा शब्द अगदी नेमका वाटतो. पोस्टकार्ड समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून कापायला सांगा. कापलेली रेघ आधी आयताचा कर्ण होती, तीच आता दोन काटकोन त्रिकोणांचा कर्ण झाली. रेघ तीच, तर नाव का बदलावं? यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या प्राचीन बौधायन शुल्बसूत्रातही पायथागोरसचा म्हणून आपण शिकतो तो नियम त्रिकोणाचा म्हणून येत नाही. आयताच्या तिरक्या दोरीवरचा चौरस लांबी आणि रुंदी यांवरच्या चौरसांच्या बेरजेइतका, असा येतो. भास्कराचार्यांच्या 1150 च्या ‘लीलावती’तही दोन्हींना कर्णच आहे. (कर्ण किंवा लंब न सांगता नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला ते पिशाच म्हणतात!)

मुलीला सूत्रं पाठ करायला लावण्याआधी हे कापून दाखवाच. काटकोन त्रिकोण म्हणजे अर्धा आयत, म्हणून क्षेत्रफळ काटकोन करणाऱ्या बाजूंच्या गुणाकाराच्या निम्मं. आयताचे कर्ण सारखे असतात आणि एकमेकांना मधोमध छेदतात, म्हणून काटकोनातून कर्णावर काढलेली मध्यगा (कर्णाच्या मध्यापर्यंतची रेघ) कर्णाच्या निम्मी. बाजू 6 आणि 8 असल्या तर कर्ण 10, मध्यगा 5. परिवर्तुळाची, म्हणजे तिन्ही कोपऱ्यांतून जाणाऱ्या वर्तुळाची, त्रिज्याही तीच.

उत्तर, पेडण्याहून
आमच्या घराचं जोतं आखताना मेस्ताने कोपऱ्यातून दोन सुतळ्या ताणल्या, एकीवर 3 फुटांची खूण केली, दुसरीवर 4 फुटांची. खुणांमधलं अंतर 5 फूट भरलं तेव्हाच “गुण्यात आलं”, म्हणजे काटकोनात आलं, असं म्हणाला. शेवटी चारी कोपरे तिरके मापून दोन्ही मापं जुळवली. समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या तरच ही दुसरी परीक्षा खरी, हे मुलीला जरूर सांगा.

उत्तर, म्हापशाहून
लिहिताना ‘काटकोन त्रिकोण’मध्ये आधी न, मग ण. त्रिकोण संस्कृतातून जसाच्या तसा आला. कोन, चौकोन, काटकोन मराठी वळणाचे. सुटा ‘कोण’ लिहिला तर वाचणारा ‘कोण आलंय?’ असंच वाचेल. आणि काटकोन सोडून हिंदीतला ‘समकोण’ घेऊ नये असं माझं मत. समभुज म्हणजे बाजू सारख्या, तसा तो शब्द मराठी कानाला कोन सारखे असल्यासारखा ऐकू येतो.

पुन्हा फोंड्याहून
कार्ड कापलं. 6 आणि 8 सेंटिमीटरचंच घेतलं होतं, मध्यगा पट्टीवर बरोबर 5 भरली. आता विचारते, उरलेल्या दोन बाजूंना काय म्हणायचं? पाया आणि उंची?

उत्तर, डिचोलीहून
नको. त्रिकोण फिरवून कर्णावर बसवला की पाया कर्णच होतो आणि उंची म्हणजे काटकोनातून त्यावर टाकलेला लंब. 6, 8, 10 मध्ये तो 4.8 येतो. ‘लीलावती’त त्या बाजूंना भुज आणि कोटी म्हटलंय. शाळेसाठी ‘काटकोन करणाऱ्या बाजू’ हेच चालू द्या; लांब आहे, पण कागद कसाही धरला तरी बदलत नाही.