जेजुरीच्या पायऱ्या आणि साडीत बांधलेले बाळ

प्रश्न
माझी मुलगी सहा महिन्यांची असून तिचे वजन ७ किलो आहे. पुढील महिन्यात आम्ही सर्वजण कुलदैवताच्या दर्शनासाठी जेजुरीला जाणार आहोत. पायऱ्यांवर बाबागाडीचा उपयोग नाही आणि कडेवर घेऊन चढताना एक हात अडकून पडतो. सासूबाईंच्या जुन्या सुती साड्यांतून बाळाला अंगाशी बांधण्याची सोय घरच्या घरी करता येईल का? यजमानांनी जुन्या दप्तराचे पट्टे आणि प्लास्टिकची बकले शिवून जोडण्याचे सुचवले आहे.

उत्तर १
ताई, बकलांचा विचार कृपया सोडून द्यावा. वह्यापुस्तकांसाठी केलेले बकल चुळबुळणाऱ्या बाळाचा भार पेलेलच याची खात्री नसते आणि शिवण उसवली तर सावरायला वेळ मिळत नाही. त्यापेक्षा नुसते बांधलेले कापड भरवशाचे. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर असते, त्यातील साडेचार मीटर पुरतात. रुंदी २८ इंच ठेवून कड दुमडून शिवावी. रेशमी किंवा सिंथेटिक साडीची गाठ सरकते, म्हणून ती नको. सुती साडीही आधी उजेडासमोर धरून पाहावी, कारण निऱ्यांचा भाग आणि फॉलची कड लवकर विरते.

कापडाचा मध्य छातीवर धरून दोन्ही टोके काखेखालून पाठीमागे न्यावीत, तेथे फुलीसारखी ओलांडून खांद्यांवरून पुढे आणावीत आणि छातीवरच्या पट्ट्याखाली खोचावीत. बाळाला त्या पट्ट्यात बसवून कापड काठाकाठाने ओढून घट्ट करावे, मग टोके बाळाच्या ढुंगणाखाली ओलांडून, मांड्यांखालून मागे नेऊन निरगाठ मारावी. सुरगाठ कदापि मारू नये. सराव म्हणून प्रथम १० किलो तांदळाची पिशवी बांधून अर्धा तास घरात फिरावे. मी असेच केले, तेव्हा डाव्या खांद्यावरचे कापड सैल राहत असल्याचे लक्षात आले.

उत्तर २
वरील पद्धत योग्य आहे, मात्र बाळाच्या बसण्याकडे अधिक लक्ष द्यावे. मान वाकवताच बाळाच्या डोक्याचा मुका घेता यावा इतके ते वर असावे, तोंड कापडाने झाकलेले नसावे आणि हनुवटी छातीला टेकता कामा नये, कारण तसे झाल्यास श्वास कोंडतो. गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर राहिले म्हणजे खुब्यांवर ताण येत नाही. गाडीत किंवा दुचाकीवर असे बांधलेले बाळ घेऊन बसू नये.

जेजुरीला भंडारा उधळला जातो, तो बाळाच्या नाकाडोळ्यांत जाण्याची भीती असते. शक्यतो सोमवती अमावस्येची गर्दी टाळून सकाळी लवकर चढावे आणि उधळण दिसताच बाजूला व्हावे. उतरताना पोटाशी असलेल्या बाळामुळे पायाखालची पायरी दिसत नाही, तेव्हा एक हात कठड्याला आणि पुढे घरातील कोणीतरी असावे.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. काल तांदळाची पिशवी बांधून पाहिली. पहिल्या साडीचा पदर ओढताच टरकन फाटला, म्हणून सासूबाईंनी स्वतः कपाटातून जाड सुताची दुसरी साडी काढून दिली. आज मुलीला बांधून जिना दोनदा चढले, ती दुसऱ्या मजल्यावर पोहोचण्याआधीच झोपली. झोपेत तिची मान एका बाजूला कलली होती. तेव्हा एका खांद्यावरचा पट्टा पसरून तिच्या डोक्यामागे आधाराला घेतला, चेहरा मात्र पूर्ण उघडा ठेवला.