मदत हवी आहे: न्यू जर्सीतल्या ओल्ड टेनंट चर्चच्या जुन्या नोंदी

नमस्कार मंडळी, मनालापनचं ओल्ड टेनंट चर्च कोणी आतून बघितलंय का? आत्ताची लाकडी इमारत 1751 ची आहे आणि 1778 मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली मॉनमथची लढाई झाली तेव्हा जखमी सैनिकांना तिथेच आणलं होतं, पण मला खरा इंटरेस्ट आहे तो त्याआधीच्या स्कॉटिश लोकांमध्ये. राजाने चर्चच्या कारभारात पडायचं नाही म्हणून हे लोक अडून बसले, तुरुंगात गेले, 1685 मध्ये 'हेन्री अँड फ्रान्सिस' जहाजातून न्यू जर्सीतल्या पर्थ अँबॉय बंदराला पाठवले गेले आणि वाटेत तापाने कितीतरी जण दगावले, वाचून फार वाईट वाटलं. पुढे अशाच स्कॉटिश कुटुंबांनी ओल्ड स्कॉट्स मीटिंग हाऊस हे प्रार्थनाघर उभं केलं, 1706 ला जॉन बॉइडची पाद्री म्हणून दीक्षा तिथलीच, आज मार्लबरोला फक्त दफनभूमी उरलीय.

तर या पहिल्या कुटुंबांची नावं, बाप्तिस्म्याच्या नोंदी कुठे बघायला मिळतील? फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत (या लोकांच्या प्रेस्बिटेरियन पंथाचं जुन्या कागदपत्रांचं संग्रहालय) कोणी काम केलंय का, अपॉइंटमेंट लागते का? एडिसन, फ्रीहोल्डकडच्या मराठी मंडळींपैकी कोणी गेलं असेल तर प्लीज सांगा, मुलीलाही घेऊन जायचंय.